मास्टर ट्रेनर होण्याच्या नोंदी : डहाणू तालुका, २०२४-२५

८ जुलै २०२४, सोमवार

अंगणवाडी सेविकांना शाळापूर्व शिक्षणाचं प्रशिक्षण देणाऱ्या ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रमाच्या मास्टर ट्रेनरांची यादी आली. आमच्या बालविकास प्रकल्पातून दोघी मुख्यसेविका (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका), त्यात माझं नाव. आधी आम्हाला दोन दिवसांचं राज्यस्तरीय प्रशिक्षण, आणि मग प्रकल्पातल्या सेविकांच्या तीन-तीन दिवसांच्या बॅचेस आम्हीच घ्यायच्या. तारीख मागाहून कळवतील.

यादीकडे बघायला कार्यालयात कुणाला फुरसत नाही. १ तारखेपासून लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झालेत. सेविकांच्या दारात सकाळपासून बायकांची रांग, हातात आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक. अर्जामागे सेविकेला ५० रुपये मिळणार म्हणतात, पण नेटवर्कसाठी टेकाडावर चढावं लागतं ते वेगळंच. या गडबडीत शाळापूर्व शिक्षणाचं नाव काढलं तर लोक आपल्याकडे बघतच राहतील. म्हणून वहीत लिहिते. पुढच्या खेपेला जिचं नाव यादीत येईल तिला उपयोगी पडेल.

१५ जुलै

दोन्ही पुस्तकं फोनवर उतरवून घेतली. ० ते ३ वर्षांसाठी ‘नवचेतना’, ३ ते ६ साठी ‘आधारशिला’. केंद्राने दोन्ही यंदा मार्चमध्ये काढली. आधारशिलेत ४८ आठवडे मांडलेत: सुरुवातीचे ४ मुलांना रुळवायचे, मग ३६ शिकण्याचे, शेवटचे ८ पक्कं करून घेण्याचे. आठवडा पाच अधिक एक दिवस असा बांधलाय. नवचेतनेत ३६ महिन्यांचं कॅलेंडर आणि १४० खेळ-कृती.

आपल्याकडे हे सगळंच नवं नाही. राज्याचा ‘आकार’ अभ्यासक्रम आमच्या सेविकांनी वापरलाय. ‘आरंभ’ उपक्रमात तर लहान बाळाशी बोला, त्याच्याशी खेळा हे घरोघरी सांगून झालंय, पालक मेळावेही झालेत. त्यामुळे नवचेतनेचं सत्र सोपं जाईल. अवघड आहे ते आधारशिलेतलं मुक्त खेळाचं. मुलाने काय खेळायचं ते मुलानेच ठरवायचं, बाईंनी बघायचं, गरज पडली तरच मध्ये पडायचं. वाचायला दोन ओळी आहेत. तीस मुलं, एक खोली, बाहेर पाऊस आणि चुलीवर खिचडी, अशा ठिकाणी त्या दोन ओळींचं काय होतं ते आधी बघून यायला हवं.

२४ जुलै, बुधवार

पाड्यावरची अंगणवाडी. भाताची लावणी जोरात, त्यामुळे पटावर जेवढी मुलं त्याच्या निम्मीही नाहीत. बाकीची आईबापांबरोबर आवणाच्या बांधावर.

मी मुद्दाम मागच्या बाजूने गेले आणि पडवीत उभी राहिले. आत सेविकाताई वारली बोलीत बोलत होत्या. मुलंही वारलीत. चिंचोक्यांचा ढीग मध्ये, एक पोरगा एकेक चिंचोका जमिनीवर आपटून आवाज ऐकत होता, दोघी मुली फुटके आणि अख्खे वेगळे करत होत्या. एकीने किडका निवडला आणि तो कुठल्या ढिगात टाकायचा यावर दोघींचं जोरदार भांडण. ताई म्हणाल्या, तुम्हीच ठरवा. शेवटी पोरींनी किडक्यांचा तिसरा ढीग केला. वर्गीकरणाची कृती म्हणून पुस्तकात जे छापलंय ते हेच, आणि इथे ते कुणी न शिकवता चाललं होतं.

मग माझी चप्पल वाजली. ताई उठल्या, पदर सारखा केला, “नमस्ते मॅडम” म्हणाल्या, चिंचोके टोपलीत भरले गेले, मुलं ओळीत बसली आणि पुस्तकी मराठीत बडबडगीत सुरू झालं. किडका निवडणारी मुलगी तर तोंडच उघडेना.

मी वजनकाटा बघायला येते, पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी बघायला येते, टीएचआरच्या (घरी न्यायच्या शिध्याच्या) वाटपाची सही बघायला येते. तीच बाई उद्या हॉलमध्ये उभी राहून सांगणार, मनमोकळं बोला, मुलांनाही बोलू द्या. राज्याने प्रशिक्षक म्हणून मान्यता दिली तरी सेविकांच्या लेखी मी तपासणीच. यावर पुस्तकात काही नाही.

निघताना एक बाप दारात भेटला. शेजारच्या गावातल्या इंग्रजी नर्सरीत मुलाला घालायचं म्हणतोय. “तिकडे पहिल्याच महिन्यात एबीसीडी लिहून घेतात, इकडे नुसतं खेळतात.” ताईंनी उत्तर दिलं नाही, माझ्याकडे बघितलं. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे प्रशिक्षणात असायलाच हवं, नाहीतर बाकीच्या सगळ्या सत्रांवर पाणी.

१२ ऑगस्ट, सोमवार

प्रशिक्षणाचा पहिला दिवस. आल्या-आल्या फोनवर पूर्वचाचणी. मग स्लाईड. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, हे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं वाक्य आता इतक्या सभांत ऐकलंय की ऐकताना हात आपोआप चहाकडे जातो. वाक्य खरं आहे, महत्त्वाचंही आहे. पण ऐकून सेविकेने उद्या सकाळी नऊ वाजता काय वेगळं करायचं, ते त्यात नाही.

दुपारनंतर मजा आली. खेळणी आणि कोपऱ्यांवरचं सत्र होतं. ठोकळे, बाहुली, गोष्टी, चित्रकला असे कोपरे मांडले आणि आम्हालाच खेळायला सोडलं. पन्नाशीच्या अधिकारी बायका पहिली पाच मिनिटं भिंतीला टेकून, मग बाहुली कोपऱ्यात चूल पेटली, भाकरी थापल्या गेल्या, एकीची भाकरी दुसरीने पळवली. सत्र घेणाऱ्या मॅडम एका बाजूला उभ्या राहून लिहीत होत्या. नंतर त्यांनी वाचून दाखवलं: कोण काय बोललं, कुणी पुढाकार घेतला, कोण एकटीच खेळत होती, कुणी वस्तूची अदलाबदल केली. निरीक्षण म्हणजे काय ते तेवढ्यात कळलं. टिंब आणि बरोबरची खूण भरायचा तक्ता म्हणजे निरीक्षण, अशी आमची आजवरची समजूत.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज प्रात्यक्षिक. मान्यतेला लागतं ते एवढं: दोन्ही दिवसांची हजेरी, उत्तरचाचणी, आणि गटात एक सत्र घेऊन दाखवायचं. चाचणी कुणालाच जड नाही. खरी परीक्षा प्रात्यक्षिकाची.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या एक मुख्यसेविका उभ्या राहिल्या. चित्रात विहिरीवर पाणी भरणारी बाई. समोर आम्ही ‘मुलं’. “चित्रात काय दिसतंय? विहीर! विहिरीवर कोण आहे? बाई! बाई काय करतेय? पाणी भरतेय!” प्रश्नही त्यांचे, उत्तरंही त्यांचीच. सगळ्या हसलो, पण पुढे येणारी प्रत्येक जण तेच करत होती. प्रश्न विचारला की खोलीतली शांतता आपल्याला सोसत नाही.

सत्र घेणाऱ्या मॅडमनी एक साधी गोष्ट सांगितली. विचारल्यावर मनातल्या मनात तीन आकडे मोजायचे, मगच तोंड उघडायचं. आणि ‘हे काय आहे’ ऐवजी ‘या बाईने घागर खाली ठेवली तर पुढे काय होईल’ असं विचारायचं. पुन्हा तेच चित्र दिलं. तीन आकडे मोजून झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, “तिची पोर रडतेय घरी.” चित्रात पोर नव्हतीच. मग पोरीचं नाव काय, का रडतेय, घरी कोण आहे, अशी गोष्ट सुरू झाली ती थांबेना.

माझं सत्र पालकांवरचं होतं. मी त्या बापाचा प्रश्न मांडला आणि विचारलं, तुम्ही असता तर काय म्हणाला असतात. निरनिराळी उत्तरं आली, त्यातलं एक उचललं: पाटीवर अक्षर काढायला आधी बोटांत ताकद लागते, ती चिखल मळून आणि मणी ओवून येते, बापाला तोंडी सांगू नका, त्याच्या मुलाने ओवलेली माळ त्याच्या हातात द्या.

संध्याकाळी प्रमाणपत्र. फोटो, टाळ्या, परतीची गाडी.

२१ सप्टेंबर, शनिवार

पोषण माह चालू आहे, रोज काहीतरी कार्यक्रम आणि त्याचे फोटो अपलोड. आज अर्धा दिवस मिळाला तर आम्ही दोघी कोसबाडच्या टेकडीवर जाऊन आलो. तालुक्यात राहून कितीदा खालून जातो, वर जाणं होत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला आलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडेनात, तर कुरणात शाळा भरवली. शिंपले, बिया, पानं, माती हेच साहित्य. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली ती २ ऑक्टोबर १९७५ ला. तोवर अंगणवाडी नावाची गोष्ट आमच्या या डोंगरात चांगली मुरलेली होती. तरी आम्ही खेळसाहित्याचा संच वरून कधी येतो म्हणून पत्रं लिहितो.

उतरताना सहकारी म्हणाली, “आपल्याला शिकवायचंय ते या सेविकांच्या आज्यांना माहीत होतं.” मी म्हटलं, मग आज्यांनाच बोलावू.

बॅचचा आराखडा उतरताना रिक्षातच ठरला. तिच्या बीटच्या (एका मुख्यसेविकेकडे असलेल्या अंगणवाड्यांच्या) सेविका मी घ्यायच्या, माझ्या तिने. आपल्या बीटच्या मॅडम समोर असल्या की ताई बोलत नाहीत, हे दोघींनाही माहीत आहे.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. मतदान २० नोव्हेंबरला. बॅचेस पुढे ढकलल्या. निम्म्या सेविका निवडणुकीच्या कामात.

२ डिसेंबर, सोमवार

पुन्हा जुळवाजुळव. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबं गेली, काही अंगणवाड्यांत पट एकदम खाली आला. पहिली बॅच ९ ते ११ डिसेंबर. सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) मॅडमनी हॉल मिळवून दिला. निरोपात मी एक ओळ घातली: रजिस्टर आणू नयेत.

९ डिसेंबर, सोमवार

सगळ्यांनी रजिस्टरं आणली. पिशव्या भरभरून. “असू दे मॅडम, ऐनवेळी मागितली तर?” सगळ्या पिशव्या दाराशी एका टेबलावर ठेवून वरून सतरंजी टाकली. यावर हशा पिकला आणि हॉल जरा सैलावला.

अकरा वाजता लाईट गेली. प्रोजेक्टर बंद, ती दिवसभर आलीच नाही. स्लाईडवर विसंबून सत्र आखलेलं असतं तर पंचाईत होती. आम्ही सतरंज्या पसरून कोपरे मांडले. पहिला अर्धा तास सगळ्या खुर्च्यांनाच चिकटून. मग सर्वांत जुन्या सेविकाताई उठल्या. त्या सातवी पास, नव्या भरतीतल्या पोरी बारावी आणि पदवीधर, त्यामुळे प्रशिक्षणात त्या नेहमी मागे बसतात. आज त्यांनी पळसाचं पान उचललं, काडीने टाचून द्रोण केला, त्यात चिंचोके भरले आणि कुणाला न विचारता दुकान मांडलं. “घ्या, काय घेता?” पदवीधर मुली गिऱ्हाईक झाल्या. पाच चिंचोक्यांना एक द्रोण की तीन, यावर घासाघीस. मी वहीत लिहीत राहिले आणि नंतर वाचून दाखवलं: मोजणी इथे झाली, तुलना इथे, भाषा इथे, वाट बघणं इथे. त्या जुन्या ताई म्हणाल्या, “हे तर आम्ही लहानपणी करायचो. हे शिकवणं आहे होय?”

एकीने विचारलं, सहा महिन्यांचा कोर्स म्हणतात तो हाच का. नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका सांगितलीय, ते वेगळं. हे तीन दिवसांचं. चेहरे थोडे पडले. मानधनाचा विषय त्यापाठोपाठ आलाच. तो ऐकून घेतला, कारण तो ऐकल्याशिवाय पुढचं सत्र कुणी ऐकणार नव्हतं.

१० डिसेंबर

सकाळी दिव्यांग बालकांचं सत्र. केंद्राचा अंगणवाडीसाठीचा प्रोटोकॉल २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आला: वाढीचे टप्पे बघून लवकर ओळखणं, त्या मुलाला अंगणवाडीतच सामावून घेणं, आशाताई किंवा एएनएम (आरोग्यसेविका) यांच्यामार्फत आरोग्य पथकाकडे पाठवणं. हे वाचून दाखवलं तर सगळ्या मान हलवतात. म्हणून विचारलं, तुमच्या अंगणवाडीत हाक मारल्यावर वळून न बघणारं मूल आहे का. चार हात वर गेले. एकीच्या मुलाला सगळे ‘हट्टी’ म्हणतात. आपसात बोलताना कळलं की मागून टाळी वाजवली तरी ते बघत नाही, समोरून खूण केली की लगेच येतं. कानाची तपासणी कधीच झालेली नाही. पथक वर्षातून दोनदा येतं, त्या दिवशी नेमकं ते मूल गैरहजर. पुढच्या फेरीआधी आईला गाठायचं असं तिथेच ठरलं. या एका मुलावर पाऊण तास गेला आणि दोन स्लाईड राहिल्या. राहू देत.

दुपारी भाषेचं सत्र. मी सांगितलं, घरच्या भाषेत बोला, मूल आधी तिच्यातच विचार करतं, मराठी हळूहळू जोडत न्या. शांतता. मी आकडे मोजले. मग एक ताई म्हणाल्या, “पण मॅडम, तुम्ही आलात की आम्ही वारली बंद करतो.” दुसरी म्हणाली, वरचे साहेब आले होते तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, मुलांना शुद्ध बोलायला शिकवा. खरं तर मला हेच हवं होतं, पण त्यांच्या तोंडून. आता कागदावर लिहून दिलंय: भेटीच्या वेळी मुख्यसेविकेसमोर वारलीत सत्र घेणं हे योग्य मानलं जाईल. हसू येईल असं वाक्य आहे, पण सही असलेल्या कागदाला आमच्या खात्यात वजन आहे.

११ डिसेंबर

प्रत्येकीचं प्रात्यक्षिक, गटात. तीन आकडे मोजायची सवय लावणं सर्वांत कठीण. शेवटी ज्या गटाचं सत्र चालू असेल त्यात एकीला बोटं मोजायला बसवलं. तारपा या वारली वाद्याच्या चालीवर हातपाय हलवायची कृती जुन्या ताईंनी घेतली, तिला लागणारा गोल आपसूक झाला. उत्तरचाचणी झाली. नेटवर्कअभावी निम्म्या जणींनी ती कागदावर दिली, आम्ही रात्री भरली.

८ जानेवारी २०२५

प्रशिक्षणानंतरच्या भेटी. काही ठिकाणी कोपरे तीन दिवस मांडले आणि पुन्हा खोक्यात, कारण टीएचआरची पाकिटं आली आणि खोलीत जागाच उरली नाही. हे सेविकेचं अपयश नाही, ती खोलीच तेवढी आहे. दोन ठिकाणी मात्र व्हरांड्यात दोरी बांधून मुलांच्या माळा आणि चित्रं लटकवलीत, पालक घ्यायला आले की आधी तिथे थांबतात. नर्सरीचं बोलणारा बाप अजून ठरवतोय म्हणे. मूल मात्र अंगणवाडीत येतंय.

हाकेला न वळणाऱ्या मुलाला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, पुढच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयाचं नाव लिहून दिलंय. आईच्या मजुरीचा दिवस बुडतो म्हणून आशाताई सोबत जाणार आहेत.

१५ ते १७ जानेवारी

दुसरी बॅच. क्रम बदलला. पहिल्या दिवशी स्लाईड नाहीतच, थेट कोपरे. मेंदूचा आकडा तिसऱ्या दिवशी, जेव्हा तो कशाबद्दल आहे हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पालकांचं सत्र सकाळी घेतलं, तेव्हा डोकी ताजी असतात. बीट बदलून घेण्याचा फरक स्पष्ट दिसतो: माझ्या बीटच्या सेविकांनी सहकारीणीसमोर माझ्याबद्दल जे सांगितलं त्यातलं थोडंफार तिने मला सांगितलं, बाकीचं सांगितलं नाही. तेही बरंच.

३ फेब्रुवारी, सोमवार

सीडीपीओ मॅडमशी बोलले. जुन्या सेविकाताईंना पुढच्या बॅचमध्ये भाषेचं आणि बाहेरच्या खेळांचं सत्र द्यायचं आहे. यादीत नाव मुख्यसेविकांचं असतं, सेविकेला प्रशिक्षक म्हणून मानधन द्यायला खर्चाचं हेड नाही. मॅडम म्हणाल्या, प्रात्यक्षिकासाठी कर्तव्यावर दाखवू, प्रवासखर्च देऊ. ताईंना सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं, त्या तीन दिवसांत अंगणवाडी कोण बघणार. मदतनीस आणि शेजारची सेविका मिळून बघतील असं ठरलं. मग म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही मागे बसू नका तेव्हा. बाहेर बसा.”

तिसरी बॅच २४ पासून. चिंचोके दोन किलो सांगून ठेवलेत. पळसाची पानं ताई आणतील. दोरी, खडू, जुनी वर्तमानपत्रं कार्यालयातून. प्रोजेक्टर मागवलेला नाही.